आधीची हाळी चुकीची होती

बालाजी, तू गेल्या मंगळवारी सकाळी बेंबळीत, राहत्या घरी गेलास. कारण हृदयविकाराचा झटका, असं गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याच दिवशी संध्याकाळी तुमच्या शेतात माती झाली.

यातलं पहिलं वाक्य मला फोनवर, तू उभ्या केलेल्या ‘हाळी’वरून कळलं. पुढची दोन मी फोन करून पक्की केली. मधे काही वेळ असा गेला, की पहिलं वाक्यच खोटं आहे असं मला वाटत होतं. मला एकट्यालाच नाही. हाळी वापरणाऱ्या बऱ्याच जणांना तसं वाटलं, आणि त्याला कारण तू केलेली एक सुधारणा होती. त्या दिवशी आणि त्यानंतर काय घडलं, हे तुला सांगणारं दुसरं कुणी नाही. म्हणून हे लिहितो आहे.

हे पान तुला न ओळखणारेही वाचतील. तेव्हा तुला पाठ असलेलंही थोडं परत सांगावं लागेल. तेवढं ऐकून घे.

तू आमच्या पेपरच्या धाराशिवच्या कार्यालयात पहिल्यांदा आलास तो तक्रार घेऊन. बेंबळीच्या बाजाराचा वार आम्ही चुकीचा छापला होता.

“आमच्या बाजाराचा वार कुणी बदलला?” तू दारातूनच विचारलंस.

खुलासा आजच्या अंकात आहे, असं मी म्हणालो. तू अंक मागितलास. मी सातवं पान उघडून दाखवलं. अगदी खाली, चहाच्या जाहिरातीला लागून दोन ओळी होत्या.

“चूक पयल्या पानावर अन् खुलासा चहापत्तीच्या बुडाशी,” तू म्हणालास. “काल ज्यांनी वाचलं, त्यातल्या किती जणांनी हे वाचलं असंल?”

“ते सांगता येत नाही.”

“तुमाला बी सांगता येत न्हाय? मग खुलासा कुणासाठी छापला?”

मी चहा मागवला. तू चहा पिऊन गेलास. पुढच्या आठवड्यात परत आलास, या वेळी तक्रार नव्हती. बेंबळीत तू आणि रेखावहिनी संगणकाचा वर्ग चालवत होतात. मुलांना शिकवायच्या त्या. तू वायरी जोडत, यंत्रं उघडत बसायचास. इंटरनेटवर छोटे मजकूर टाकायच्या मोठमोठ्या सेवा तू वापरून पाहिल्या होत्यास. तिथं बेंबळीतल्या माणसानं लिहिलेलं उमरग्यातल्या माणसापर्यंत पोचेलच असं नव्हतं. मधे सगळं जग बोलत होतं. कुणीही घेऊन स्वतःची तशी सेवा उभी करावी, अशी एक खुली प्रणाली फुकट मिळते, हे तू शोधून काढलं होतंस. सर्व्हर भाड्यानं घेतला होतास. बातम्या टाकायला कुणीतरी हवं होतं.

“नाव काय ठेवलंस?” मी विचारलं. तोवर आपण अरे-तुरेवर आलो होतो.

“हाळी. एका बांधावरनं दुसऱ्या बांधावर जाईल एवढंच लिवायचं. लांबण लावायची असंल तर माणसानं घरी जावं, चहा प्यावा, बोलावं.”

प्रत्येक मजकूर म्हणजे एक हाळी. दुसऱ्याची हाळी आपल्या लोकांपर्यंत न्यायची, तर ‘पुढं दे’. मूळ प्रणालीत मजकुराखाली अंगठ्याचं चित्र होतं. पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी मयताची हाळी आली आणि तिच्याखाली अंगठे गोळा झाले. तू मला फोन केलास. “माणूस मेलंय अन् लोक अंगठा दाखवायलेत, गड्या.” दुसऱ्या दिवशी अंगठा गेला आणि त्या जागी एकच अक्षर आलं: ‘ओ’. शिवारात कुणी हाळी दिली तर ओ द्यायची असते. ओ म्हणजे आवडलं असं नाही, पटलं असंही नाही. ऐकू आलं, एवढंच. माझ्या मते तू केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. हे मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, “त्यात काय केलं? एक अक्षर तर लिवलं.”

अक्षरांवरूनही तू भांडलास. त्या प्रणालीला वेलांटी आणि मात्रा ही वेगळी अक्षरं वाटायची. त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याची अक्षरमर्यादा लवकर संपायची. वर्गात मुलांसमोर तू हात वर करून विचारलेलं मला आठवतं: “लेकरू कडेवर घेतलं तर एसटीत त्याचं तिकीट काढावं लागतंय का? न्हाय ना? मग वेलांटीचं तिकीट कशापायी?” मुलं हसली. तू ती मोजणी बदलायला बसलास आणि बदलूनच उठलास. उमरग्याकडची माणसं लिहिताना मधेच कन्नड शब्द घालत, तेव्हा यंत्र त्या शब्दांखाली लाल रेघ ओढायचं. तीही तू काढलीस. “त्यांची बोली हाय ती. लाल करणारा म्या कोण?”

मी हाळीवर रोज दोन-तीन बातम्या टाकत असे. बंद रस्ता, पाण्याची पाळी, दवाखान्यात डॉक्टर कधी येणार. पेपरात दुसऱ्या दिवशी येणारं हाळीवर आदल्या दिवशी जायचं. आमच्या कार्यालयात काहींना ते आवडत नव्हतं. तुझ्याकडेही काहींना आवडत नव्हतं. “पेपरवाल्याला कशाला घेतला?” असं विचारणाऱ्याला तू सांगितलंस, “चुका करायचा त्याला लई अनुभव हाय.”

मग जळकोटचं प्रकरण झालं.

जळकोटला एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन भीमराव होते. एक गावात राहायचे, एक मळ्यात. गावातले वारले. एका दुकानदारानं हाळी दिली: भीमराव अण्णा वारले, माती दुपारी. वडलांचं नाव लिहिलं नाही, कारण गावात कुणाला विचारायची गरज नव्हती. हाळी पुढं देत देत उमरग्यात पोचली, ती मळ्यातल्या भीमराव अण्णांच्या लेकीच्या, सारिकाच्या सासरी. त्या दिवशी तिथं तिच्या दिराची हळद होती. नवऱ्या मुलाला हळद लागली होती. सुनेचा बाप गेला म्हटल्यावर मांडवातला आवाज बंद केला गेला आणि मुलाला तसंच पिवळ्या अंगानं बसवून ठेवलं. सारिका जीपमध्ये बसून रडत जळकोटला आली. मळ्यात तिचे वडील कडब्याच्या पेंढ्या बांधत होते. लेक रडत येताना बघून ते उठले आणि त्यांनी विचारलं, “कोण गेलं गं?”



दुकानदारानं संध्याकाळी खुलाशाची हाळी दिली. ती फार थोड्या लोकांनी वाचली. चुकीची हाळी मात्र पुढं पुढं जात राहिली. पंधरवडा उलटला तरी लोक मळ्यात येत होते. काहींनी दुखवट्याच्या घरी न्यावं तसं भाकरी-पिठलं बांधून आणलं. भीमराव अण्णांनी त्यांना बसवून घेतलं आणि त्यांच्याबरोबर ते खाल्लं. खोटी मरणवार्ता आली की आयुष्य वाढतं, असं आपल्याकडे मानतात. ते त्यांनी प्रत्येकाला सांगितलं. सारिकानं हाळी बघायचं सोडून दिलं.

ही बातमी मी केली होती. तू ती हाळीवर वाचून मला फोन केलास आणि म्हणालास, “तुज्या चहापत्तीसारखंच झालं की आपलं.”

त्यानंतर काही महिने तू दुसरं काही केलं नाहीस. चूक ज्या वाटेनं गेली, दुरुस्ती त्याच वाटेनं गेली पाहिजे, एवढंच तुझं म्हणणं होतं. ज्यांच्या फोनवर आधीची हाळी उमटली, ज्यांनी ती पुढं दिली, आणि त्यांनी दिल्यावर ज्यांना मिळाली, त्या सगळ्यांना दुरुस्ती आपोआप मिळावी. ते जमलं तेव्हा तू त्याला ‘फेरहाळी’ म्हणालास. आमच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या जे जमलं नव्हतं, ते तू बेंबळीत वर्गाच्या पत्र्याच्या खोलीत बसून केलंस. मी तुझं अभिनंदन केलं आणि लगेच तुझ्याशी भांडायला बसलो.

भांडण असं होतं. फेरहाळी दिली की आधीची हाळी पुसली जायची. लोकांच्या फोनवर तिचे पहिले चार शब्द दिसायचे आणि पुढं तुझी दोन वाक्यं: ही आधीची हाळी चुकीची होती. ती काढली आहे. उघडलं की खाली दुरुस्त मजकूर.

मी म्हणत होतो, पुसू नकोस. आहे ते राहू दे, त्यावर रेघ मार आणि काय चुकलं ते लिही. चुकीच्या बातमीत सगळंच चुकीचं नसतं. कुठला भाग चुकला आणि कुठला खरा आहे, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

“रेघ मारलेलं बी वाचतंय माणूस,” तू म्हणालास. “सारिकानं रोज बापाच्या नावावर रेघ बघायची का?”

“मग निदान चूक कोणती ते सांग.”

“फोनवर दोन वाक्यं मावतात. तिसरं कापलं जातंय.”

“तर तिसरं वाक्य पहिलं कर. आम्ही तेच करतो. महत्त्वाचं आधी.”

“तुमी महत्त्वाचं आधी छापताव अन् खरं सातव्या पानावर.”

हा वाद संपला नाही. आपण तो बेंबळीत केला, धाराशिवच्या बस स्थानकात केला, फोनवर केला. सारिका परत हाळीवर आली. तो तुझ्या बाजूचा पुरावा होता आणि तू तो वेळोवेळी वापरलास. माझ्याकडे पुरावा नव्हता.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी आपण शेवटचं बोललो. विषय तोच होता. “शनिवारी ये,” तू म्हणालास. “रेखा धपाटे करणार हाय. पोट भरून भांडू.”

मंगळवारी सकाळी तुझ्या भावानं, सुधाकरनं, हाळी दिली. बेंबळीचे बालाजी यांचं आज सकाळी निधन झालं, माती दुपारी गावच्या स्मशानभूमीत. मी कार्यालयात होतो. ती वाचली आणि निधनवार्तेच्या चार ओळी लिहायला घेतल्या. मला दुसरं काही येत नाही. तेवढ्यात तिकडे घरातल्या मोठ्यांनी सुधाकरला सांगितलं, की तुमच्या घरची माती शेतात होते, आणि लांबची माणसं यायची असल्यानं ती संध्याकाळी करावी. सुधाकरनं नियमाप्रमाणे फेरहाळी दिली. त्यानं काहीही चुकीचं केलं नाही. माहिती बदलली, त्यानं ती दुरुस्त केली.

माझ्या फोनवर आलं ते असं: ‘बेंबळीचे बालाजी यांचं आज…’ ही आधीची हाळी चुकीची होती. ती काढली आहे.

मी लिहिलेल्या चार ओळी पुसून टाकल्या.

मग फेरहाळी न उघडताच सुधाकरला फोन लावला. बातमीची खात्री करताना ती खोटी निघावी असं वाटणं आमच्या कामात बसत नाही. मला वाटलं.

“भाऊ, माती शेतात हाय, सांजच्याला,” सुधाकर म्हणाला. “तुमी या.”

निधनाबद्दल तो काही बोलला नाही. त्याच्यासाठी तो प्रश्नच नव्हता. मला विचारावं लागलं, “बालाजी गेला, हे खरं आहे?”

“व्हय,” तो म्हणाला.

शेतात माणसं बरीच होती. तू ज्यांना कधी पाहिलं नव्हतंस अशीही होती. उमरग्याकडचे काही जण कन्नड बोलत होते. बांधाकडेला मला भीमराव अण्णा दिसले. सारिका सासरहून निघाली, वाटेत जळकोटला थांबून तिनं वडलांना घेतलं आणि ती दोघं आली होती. अण्णांच्या हातात कापडात बांधलेलं भाकरी-पिठलं होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

“सारिकाचा फोन आला सकाळी,” त्यांनी आपणहून सांगितलं. “म्हणली, अण्णा, बालाजी गेला. म्या म्हणलं, थांब, दुसरी येऊ दे. म्या बी गेलो होतो की एकदा. दुसरी येऊस्तोवर म्या जागचा हललो न्हाय. मग आली दुसरी. पोरगी फोनवर वरडली, अण्णा, चुकीची होती म्हणत्यात, काढली म्हणत्यात! म्या उठलो, बैलाला पाणी पाजलं.” त्यांनी हातातली भाकरी सावरली. “मग तिनं पुढचं वाचलं.”

सारिका शेजारी उभी होती. “मी पुढचं वाचायच्या आधीच वरडले,” ती म्हणाली. “माझंच चुकलं.”

“तुजं कशाचं चुकलंय?” अण्णा म्हणाले. “तेवढा येळ तरी जिता होता की त्यो.”

हे मी लिहून घेतलं नाही. लक्षात राहिलं.

बालाजी, माझ्याकडे आता पुरावा होता. वाद मी जिंकलो असं मात्र मला लिहिता येत नाही. दुसरी बाजू ऐकून घेतल्याशिवाय आम्ही बातमी करत नाही, आणि दुसरी बाजू मांडणारा तिथं समोर सरणावर होता.

शनिवारी मी बेंबळीला गेलो. तू बोलावलं होतंस.

वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. सुधाकर होता. मी टेकतो तोच वहिनींचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं, उचलला. “हां, बोला… न्हाय, खरं हाय. व्हय… न्हाय हो, मातीची जागा बदलली होती फकस्त. ते गेले. मंगळवारीच गेले.” पलीकडचा माणूस रडायला लागला, ते मला ऐकू आलं. “असं करू नका,” वहिनी त्याला म्हणाल्या. “लेकराबाळांकडं बघा. पाणी प्या थोडं.” मग फोन ठेवला.

“कितवा म्हणून इचारू नका, भावजी,” त्या मला म्हणाल्या.

लोकांनी फोनवरची दोन वाक्यं वाचली होती आणि पुढचं उघडलंच नव्हतं. आधीची हाळी तर पुसली गेली होती, त्यामुळे परत जाऊन पाहायलाही काही नव्हतं. अर्ध्या लोकांना तू गेल्याचं माहीत होतं आणि अर्ध्यांना ती चूक होती हे माहीत होतं. मग कुणाला तरी शंका यायची आणि तो वहिनींना फोन करायचा.

“लोक चांगल्याच मनानं करतात,” वहिनी म्हणाल्या. “वहिनी, ती हाळी चुकीची होती ना, असं हसतच इचारतात. मग मी सांगते. मग ते रडतात, अन् मी त्यांना समजावते. रोज नव्यानं सांगावं लागतंय. काल एक जण म्हणला, घाबरवलं होतं तुमी सगळ्यांनी, द्या बरं बालाजीला फोन.”

सुधाकर म्हणाला, “बंद करून टाकू वहिनी ते हाळी-बिळी. नकोच.”

“बंद केल्यावर फोन थांबतील का? ज्यांनी अर्धं वाचलंय ते अर्धंच धरून बसतील. जन्मभर कुणीतरी इचारंल, बालाजी कसा हाय म्हणून.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी दोघं कशावरनं भांडायचे हो? नीट सांगा एकदा.”

मी सांगितलं. काय चुकलं, काय बरोबर, आणि काय बदललेलं नाही, ही तिन्ही वेगळी लिहायची. जे बदललेलं नाही ते सगळ्यात आधी, म्हणजे फोनवर बाकीचं कापलं गेलं तरी तेवढं दिसेल.

“मग तवाच का न्हाय केलं?”

“तो ऐकत नव्हता.”

“तुमी तरी कुठं ऐकत होताव?”

सुधाकर हसला. मंगळवारनंतर त्या घरात कुणी हसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. वहिनीही थोड्या हसल्या आणि मग डोळ्याला पदर लावला.

रेघेचा विषय मी काढला नाही. त्यांनीच काढला. “पुसायचं ते पुसायचंच,” त्या म्हणाल्या. “नावावर रेघ नको. त्यांचं तेवढं राहू द्या.” आता त्यात मलाही हरकत दिसत नव्हती. हे तू असताना मला दिसलं असतं की नाही, ते सांगता येत नाही.

त्या वर्गाच्या खोलीत गेल्या, तुझ्या यंत्रासमोर बसल्या. फेरहाळीचे ठरलेले शब्द कुठं लिहिले आहेत ते त्यांना माहीत होतं. मला त्यातलं काही कळत नाही. मी शब्द सांगायचे असं ठरलं. मी पहिला शब्द सांगितला, ‘कायम’.

“कायम नोकरीत करतात,” वहिनी म्हणाल्या. “तसंच हाय, असं लिवा.”

‘तसंच आहे’ असं लिहिलं. मग ‘चुकलं’. मग ‘बरोबर’. तीन जागा झाल्या. फेरहाळी देणाऱ्यानं त्या तिन्ही भरल्याशिवाय ती पुढं जाणार नाही, अशी सोय वहिनींनी केली. ते करताना त्या दोनदा अडल्या आणि एकदा मोठ्यानं म्हणाल्या, “हे असं कशाला करून ठिवलंय हो?” खोलीत मी आणि सुधाकर होतो. त्या आम्हाला विचारत नव्हत्या.

मग पहिली कोणती द्यायची, हा प्रश्न आला. वहिनी म्हणाल्या, तीच, तुझ्या जाण्याची. ज्या वाटेनं गेली त्या वाटेनं.

मी ‘तसंच आहे’च्या पुढं लिहायला सांगितलं: निधनाचं वृत्त.

“वृत्त तुमच्या पेपरात,” त्या म्हणाल्या. “फोन करणाऱ्याला मी वृत्त म्हणत न्हाय.”

“काय म्हणता?”

“तुमी ऐकलं की आता.”

ती त्यांनी स्वतः लिहिली. लगेच दिली नाही. यंत्र बंद करून बाहेर आल्या, चहा टाकला. अण्णांची भाकरी मंगळवारीच संपली होती, असं त्यांनी मला सांगितलं; पिठलं चांगलं होतं म्हणाल्या. धपाट्यांचं कुणी बोललं नाही. सुतकाचं घर होतं.

परत येताना बसमध्ये मला एक गोष्ट आठवली, जी तुला सांगायची राहिली. तुझ्या त्या पहिल्या तक्रारीनंतर काही महिन्यांनी आमच्या कार्यालयात ठरलं, की चूक ज्या पानावर होईल, खुलासा त्याच पानावर द्यायचा. तो नियम आजही चालू आहे. तुला कळलं नसावं, कारण तू आमचा पेपर घेणं तोवर बंद केलं होतंस. भांडणात ते माझ्या बाजूनं सांगता आलं असतं, आणि तुझ्या बाजूनंही. मी ते दरवेळी पुढच्या भेटीवर ठेवलं. तू आलास म्हणून तो नियम झाला. त्या बैठकीत तुझं नाव निघालं नव्हतं, म्हणून इथं नोंदवून ठेवतो. हा मजकूर सातव्या पानावर जाऊ नये असंही मी सांगितलं आहे.

आज सोमवार. झालं आहे ते एवढं.

रविवारी सकाळी बेंबळीहून फेरहाळी गेली. तिचा मजकूर असा होता: तसंच आहे: बालाजी गेले, मंगळवारी सकाळी. चुकलं: मातीची जागा आणि वेळ. बरोबर: माती आमच्या शेतात संध्याकाळी झाली. रेखा, बेंबळी.

पहिली हाळी ज्यांना मिळाली होती, त्या सगळ्यांच्या फोनवर ती उमटली. पहिली ओ उमरग्याहून आली, सारिकाची. त्यानंतर जळकोट, धाराशिव आणि बेंबळीतून ओ येत राहिल्या. त्यात एक माझी आहे.

आज दुपारपर्यंत वहिनींना तसा फोन आलेला नाही.